रेषा आणि कुंपण यांच्यातले अंतर

२,१९,२९८. पूर्व पाकिस्तानातून १९७१ साली भारतात आलेल्या निर्वासितांपैकी एवढ्या माणसांची नोंद तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या ३ छावण्यांत झाली होती. मध्य प्रदेशातल्या निर्वासित छावण्यांत सर्वांत परिचित नाव रायपूरजवळच्या मानाचे. त्याच वर्षीच्या जनगणनेत अख्ख्या रायपूर शहराची वस्ती साधारण २ लाख होती. हावड्याहून रेल्वेने रायपूरला यायचे तर सुमारे ८३० किलोमीटर पडतात. सीमेपासून इतक्या आत, एका शहराएवढी माणसे छावण्यांत येऊन राहिली होती.

सीमेवरच्या भिंती आणि कुंपणांविषयी आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा सुरक्षेची: किती किलोमीटर झाले, किती राहिले, किती घुसखोर अडले. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण आणखी एक आकडा क्वचितच मोजला जातो. कागदावरची रेषा एका जागी असते, कुंपण दुसऱ्या जागी उभे राहते, आणि मधल्या पट्ट्यात कुणाचे तरी शेत, घर, विहीर सापडते. कुंपण कायदेशीर आहे की नाही आणि त्याची किंमत कुणी मोजली, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे याच पट्ट्यात मिळतात. पॅलेस्टाइनमधली भिंत असो, काश्मीरमधली नियंत्रण रेषा असो की बंगालची सीमा, आकडे मांडून पाहिले की हे स्पष्ट होते.

५ आठवडे: रेषा कशी आखली गेली

सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी भारतात आले. त्याआधी ते या देशात कधी आले नव्हते. पंजाब आणि बंगाल या दोन प्रांतांची वाटणी करायला त्यांना जेमतेम ५ आठवडे मिळाले. निवाडा १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी जाहीर झाला. आपण कोणत्या देशात आहोत हे लाखो लोकांना स्वातंत्र्यदिनी ठाऊक नव्हते.

पूर्वेकडची ही रेषा आज ४,०९६.७ किलोमीटर भरते. पश्चिम बंगालच्या वाट्याला २,२१६.७, त्रिपुराच्या ८५६, मेघालयाच्या ४४३, मिझोरामच्या ३१८ आणि आसामच्या २६३ किलोमीटर. भारताची इतकी लांब भू-सीमा दुसऱ्या कोणत्याही शेजाऱ्याशी नाही.

रेषा आखली, पण कुंपण लगेच आले नाही. जवळजवळ चार दशके माणसे, गुरे, माल आणि दंगलीतून जीव वाचवून निघालेली कुटुंबे या रेषेवरून येत राहिली. रायपूरचा संबंध इथे येतो. डिसेंबर १९६३ मध्ये श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातला पवित्र केस चोरीला गेला. त्याचे पडसाद दीड-दोन हजार किलोमीटरवर पूर्व पाकिस्तानातल्या खुलन्यात उमटले आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथे हिंदूंविरुद्ध दंगली झाल्या. तिथून निघालेल्या कुटुंबांना पश्चिम बंगालमध्ये जागा नव्हती. त्यांना पुढे पाठवण्यासाठी मानाचा ट्रान्झिट कॅम्प उभा राहिला. इथून बस्तर आणि कोरापुटमध्ये जमीन देऊन त्यांना वसवायचे, अशी योजना होती. त्यासाठी केंद्र सरकारने १९५८ सालीच दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन केले होते.

सरकारी दप्तरात या निर्वासितांचे वर्ग होते. घरात कर्ता पुरुष असेल तर जमीन मिळण्याची शक्यता. नसेल तर एकट्या स्त्रिया, वृद्ध आणि अपंग यांच्यासाठी ‘कायमचे दायित्व’ असा वेगळा वर्ग. एका माणसाचे आयुष्य राज्यावरचे कायमचे ओझे म्हणून नोंदवले जात होते. नदीकाठच्या, भात आणि मासे यांवर जगणाऱ्या या शेतकऱ्यांना दंडकारण्याची खडकाळ, पाण्याची वानवा असलेली जमीन देण्यात आली. १९७१ ला आलेल्यांपैकी बहुसंख्य लोक बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर परत गेले. १९६४ च्या लोकांना परतायला देश उरला नव्हता.

अशी वस्ती महाराष्ट्रातही आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत, गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव परिसरात बंगाली कुटुंबांची गावे त्याच रेषेने घडवली. सीमेचा प्रश्न सीमेवरच्या राज्यांचा, असे मराठी वाचकाला वाटत असेल तर ही गावे त्याचे उत्तर आहेत.

१५० यार्ड: कुंपण रेषेवर का नाही

भारत-बांगलादेश सीमेवरच्या कुंपणाला मंजुरी मिळाली १९८६ साली. दुसरा टप्पा २००० सालानंतर सुरू झाला. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार ३,२३२.२१८ किलोमीटर सीमेवर कुंपण झाले आहे. ८६४.४८२ किलोमीटर बाकी आहे. त्यातले १७४.५१४ किलोमीटर नद्या, दलदल किंवा दरडी यांमुळे कुंपण घालण्याजोगे नाही.

पण हे कुंपण सीमेवर नाही. भारत आणि बांगलादेश यांच्यात १९७५ साली ठरलेल्या सीमा-मार्गदर्शक तत्त्वांनुसार रेषेपासून दोन्ही बाजूंना १५० यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे १३७ मीटरपर्यंत, संरक्षणाची बांधकामे करता येत नाहीत. कुंपण हे असे बांधकाम आहे, अशी बांगलादेशाची भूमिका. म्हणून भारताने कुंपण सर्वसाधारणपणे स्वतःच्या हद्दीत तेवढे मागे घेतले. दाट वस्ती असलेल्या काही ठिकाणी बांगलादेशाच्या संमतीने ते रेषेच्या जवळही आले आहे, तर भूरचनेमुळे काही ठिकाणी ते आणखी आत सरकले आहे.

साधा गुणाकार करू. १३७ मीटर गुणिले ३,२३२ किलोमीटर. उत्तर येते सुमारे ४४३ चौरस किलोमीटर, म्हणजे १ लाख ९ हजार एकरांच्या आसपास. हा काही सरकारी आकडा नाही, सर्वत्र १५० यार्ड धरून केलेला ढोबळ हिशेब आहे. पण प्रश्नाचा आवाका त्यातून कळतो. एवढी भारतीय जमीन, भारतीय नागरिकांच्या मालकीची किंवा वहिवाटीची, भारताच्याच कुंपणापलीकडे आहे.

तिथे शेती करायची तर फाटकातून जावे लागते. फाटक ठरावीक वेळेला उघडते. सीमा सुरक्षा दलाच्या जवानाकडे ओळखपत्र दाखवायचे, नोंद करायची, वेळेत परत यायचे. रात्री पाणी द्यायचे असेल, पिकात गुरे शिरली असतील, बाळंतपणाची वेळ आली असेल, तरी फाटकाची वेळ बदलत नाही. जवानाच्या परवानगीवर सगळे अवलंबून. काही ठिकाणी तर पूर्ण वस्त्याच पलीकडे आहेत. त्यांच्या मुलांना शाळेत जाण्यासाठीही हेच फाटक.

कायद्याच्या दृष्टीने इथे एक फट आहे. कुंपण, त्यालगतचा गस्तीचा रस्ता आणि दिवे यांसाठी लागणारी जमीन सरकार संपादित करते आणि तिचा मोबदला देते. पलीकडची जमीन मात्र संपादित होत नाही, कारण ती शेतकऱ्याच्याच नावावर राहते. मालकी कागदावर शाबूत आणि वहिवाट फाटकाच्या वेळापत्रकावर. त्यामुळे नुकसान होते, पण भरपाईचा हक्क आपोआप निर्माण होत नाही.

कुंपणाची किंमत जिवाची असते तेव्हा न्याय आणखी लांबतो. ७ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या सीमेवर वडिलांबरोबर कुंपण ओलांडताना १५ वर्षांच्या बांगलादेशी मुलीला गोळी लागली आणि तिचा मृतदेह काही तास तारेवर लटकत राहिला. सीमा सुरक्षा दलाच्या अंतर्गत न्यायालयाने संबंधित जवानाला २०१३ साली आणि फेरसुनावणीत २०१५ सालीही निर्दोष ठरवले. त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तिच्या कुटुंबाला ५ लाख रुपये द्यावेत अशी शिफारस केली. एका संस्थेने गुन्हा नाही म्हटले आणि दुसरीने भरपाई द्या म्हटले. जबाबदारी कुणाची, हा प्रश्न तसाच राहिला.

८५ टक्के: भिंत दुसऱ्याच्या जमिनीवर

विवादित भूमीवरच्या अडसराचा जगातला सर्वांत जास्त तपासला गेलेला दाखला पॅलेस्टाइनमधल्या पश्चिम किनाऱ्याचा (वेस्ट बँक) आहे. दुसऱ्या इंतिफादाच्या, म्हणजे पॅलेस्टिनी उठावाच्या, काळात आत्मघातकी हल्ल्यांत शेकडो इस्रायली नागरिक मारले गेले, तेव्हा इस्रायलने २००२ साली हा अडसर बांधायला घेतला. शहरी भागात ८-९ मीटर उंच काँक्रीटची भिंत, इतरत्र तारांचे कुंपण, खंदक आणि गस्तीचा रस्ता.

नियोजित लांबी सुमारे ७१२ किलोमीटर. पश्चिम किनारा आणि इस्रायल यांच्यातली १९४९ ची शस्त्रसंधी रेषा, जिला ग्रीन लाइन म्हणतात, ती आहे सुमारे ३२० किलोमीटर. अडसर रेषेच्या दुपटीहून लांब, कारण तो रेषेवरून जात नाही. इस्रायली वसाहती आत घेण्यासाठी तो वळणे घेत पश्चिम किनाऱ्यात शिरतो. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार मार्गाचा ८५ टक्के भाग पश्चिम किनाऱ्याच्या आत आहे. मार्ग पूर्ण झाला तर पूर्व जेरुसलेम धरून पश्चिम किनाऱ्याची सुमारे ९.४ टक्के भूमी अडसर आणि ग्रीन लाइन यांच्या मध्ये पडते. त्या पट्ट्यात सुमारे ११,००० पॅलेस्टिनी राहतात, त्यांना स्वतःच्या घरात राहायला परवाना लागतो. पलीकडच्या बागांत जायला सुमारे १५० गावांच्या शेतकऱ्यांना परवाने आणि फाटके. त्यातली बरीच फाटके वर्षातून थोडे दिवस, ऑलिव्हच्या हंगामात उघडतात.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागवले. न्यायालयाने ९ जुलै २००४ रोजी १४ विरुद्ध १ मतांनी सांगितले की व्याप्त पॅलेस्टिनी भूमीत ही भिंत बांधणे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध आहे. बांधकाम थांबवा, बांधलेले पाडा आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांना भरपाई द्या, असे तीन भाग त्यात होते. आधार होता १९०७ च्या हेग नियमांचा, १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचा आणि मानवी हक्कांच्या करारांचा: खासगी मालमत्तेचे संरक्षण, ये-जा करण्याचे स्वातंत्र्य, काम, आरोग्य आणि शिक्षण यांचे हक्क. विरोधी मत देणारे न्यायाधीश थॉमस बर्गेंथल यांचे म्हणणे होते की सुरक्षेचा दावा तपासण्याइतका पुरावा न्यायालयासमोर नव्हता.

या निकालातला एक मुद्दा नेहमी निसटतो. नागरिकांचे रक्षण करणे हा इस्रायलचा हक्कच नव्हे तर कर्तव्यही आहे, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. ते कर्तव्य बजावताना कायद्याची चौकट पाळावी लागेल, एवढेच त्याने पुढे जोडले. भिंत ग्रीन लाइनवर किंवा इस्रायलच्या आत असती तर खटल्याचे स्वरूपच बदलले असते. बेकायदेशीरपणा विटा-तारांत नव्हता, तो जागेत होता.

आता दोन पट्टे शेजारी ठेवून पाहा. पश्चिम किनाऱ्याचे क्षेत्रफळ साडेपाच हजार चौरस किलोमीटरच्या थोडे वर आहे. त्याचे ९.४ टक्के म्हणजे पाचशेच्या वर चौरस किलोमीटर. आपल्या पूर्व सीमेवरचा ढोबळ आकडा ४४३. क्षेत्रफळे जवळपास सारखी, कायदेशीर स्थिती मात्र पूर्ण वेगळी. भारताने कुंपण स्वतःच्या भूमीत घातले आहे आणि शेजाऱ्याची इंचभर जमीन घेतलेली नाही. म्हणून ते आंतरराष्ट्रीय कायद्यात बसते. पण फाटकासमोर ओळखपत्र हातात धरून उभ्या असलेल्या शेतकऱ्याला या फरकाने काय मिळते? त्याचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा नाही, तो भारताच्या संविधानाचा आहे.

४० पैकी ३० किलोमीटर: न्यायालय कुंपण हलवू शकते

हेगच्या निकालाच्या ९ दिवस आधी, ३० जून २००४ रोजी, खुद्द इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. बेत सुरीक आणि आसपासच्या गावांनी जेरुसलेमच्या वायव्येकडच्या मार्गाला आव्हान दिले होते. सरन्यायाधीश अहरोन बराक यांच्या पीठाने सुरक्षेची गरज मान्य केली. मग मार्गाचा एकेक तुकडा घेऊन तीन प्रश्न विचारले: हा मार्ग सुरक्षेच्या हेतूशी खरोखर जुळतो का? कमी इजा करणारा दुसरा मार्ग आहे का? मिळणारी सुरक्षा आणि होणारी हानी यांचा मेळ बसतो का? आव्हान दिलेल्या सुमारे ४० किलोमीटरपैकी ३० किलोमीटर या कसोटीवर टिकले नाहीत आणि रद्द झाले. २००७ साली बिलीन गावाच्या खटल्यातही न्यायालयाने मार्ग बदलायला लावला. प्रत्यक्ष कुंपण हलायला २०११ उजाडले.

वसाहतींचा मूळ प्रश्न त्या न्यायालयाने सोडवला नाही आणि हेगचे मत आजवर अमलात आलेले नाही. १९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पुढे जाऊन पॅलेस्टिनी भूमीतली इस्रायलची उपस्थितीच बेकायदेशीर ठरवली. तरी बेत सुरीकची कसोटी स्वतंत्रपणे मोलाची आहे, कारण ती आपल्याकडेही पोचली आहे. २०१६ साली मॉडर्न डेंटल कॉलेज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मूलभूत हक्कांवरची बंधने तपासण्यासाठी प्रमाणबद्धतेचे तत्त्व स्वीकारले, आणि त्यासाठी आधार घेतला तो अहरोन बराक यांच्याच लिखाणाचा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशावरून आलेल्या खटल्यातली ही कसोटी सीमेवरच्या फाटकालाही लागू पडते. संविधानाचे कलम १९ देशभर संचाराचे स्वातंत्र्य देते, कलम ३००अ कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता हिरावू देत नाही. कुंपण हवे हे मान्य करूनही फाटक दिवसातून किती तास उघडे असावे, आजाऱ्याला रात्री कसे सोडावे, मार्ग एखाद्या वस्तीला वळसा घालून नेता येईल का, हे प्रश्न न्यायालयात विचारता येतात.

७४० पैकी ५५०: नियंत्रण रेषा

भारतात विवादित भूमीवरचा अडसर म्हणायचा तर तो नियंत्रण रेषेवरचा. १९७२ च्या सिमला कराराने ठरवलेली ही रेषा सुमारे ७४० किलोमीटरची. त्यापैकी साधारण ५५० किलोमीटरवर भारताने दुहेरी तारेचे कुंपण घातले. नोव्हेंबर २००३ च्या शस्त्रसंधीमुळे बांधकामाला उसंत मिळाली आणि २००४ मध्ये ते पूर्ण झाले.

विवादित भूमीत अडसर बांधायला पाकिस्तानचा आक्षेप होता. कोणत्याही पक्षाने रेषा एकतर्फी बदलू नये, असे सिमला करार सांगतो. भारताचे उत्तर असे की कुंपण रेषा बदलत नाही, ते आपल्या ताब्यातल्या भागात, रेषेच्या अलीकडे आहे. हे उत्तर कायद्यात टिकते. पण डोंगर, दऱ्या आणि तोफांचा मारा टाळण्यासाठी कुंपण काही ठिकाणी बरेच आत घ्यावे लागले. त्यामुळे कुपवाडा, उरी, पूंछ, राजौरी या भागांतली कित्येक गावे कुंपण आणि रेषा यांच्या मध्ये राहतात. भारताचे नागरिक, भारताच्या भूमीवर, पण घरी जाताना फाटकावर नोंद. तोफा धडाडल्या की सर्वांत आधी मार त्यांना.

या रेषेवर दारे उघडण्याचाही प्रयत्न झाला. श्रीनगर-मुझफ्फराबाद बस ७ एप्रिल २००५ रोजी निघाली आणि फाळणीने तुटलेले नातलग भेटले. ऑक्टोबर २००८ मध्ये मालाची ने-आण सुरू झाली. २०१९ साली दोन्ही बंद पडले. कुंपण कायम राहिले.

५१,५४९: वाटाघाटींनी सुटलेला प्रश्न

अडसरापेक्षा वेगळा मार्गही आपल्याच सीमेवर सापडतो. बांगलादेशाच्या पोटात भारताचे १११ तुकडे आणि भारताच्या पोटात बांगलादेशाचे ५१ तुकडे होते. छिटमहल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तुकड्यांतल्या लोकांना मतदान नाही, वीज नाही, पोलीस नाही. स्वतःच्या देशात जायचे तर दुसऱ्याचा देश ओलांडायचा.

सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली बेरुबारी प्रकरणात सांगितले होते की देशाची भूमी दुसऱ्याला द्यायची तर घटनादुरुस्ती लागते. १९७४ साली इंदिरा गांधी आणि शेख मुजीबूर रहमान यांनी भू-सीमा करार केला. तो पूर्ण अमलात यायला ४१ वर्षे लागली. १०० वी घटनादुरुस्ती संसदेने २०१५ साली मंजूर केली आणि ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री तुकड्यांची अदलाबदल झाली. भारताच्या १११ तुकड्यांचे १७,१६० एकर बांगलादेशाकडे गेले, ५१ तुकड्यांचे ७,११० एकर भारताकडे आले.

या कामात एक गोष्ट आदर्श होती. २०११ साली दोन्ही देशांनी एकत्र शिरगणती केली. भारतीय तुकड्यांत ३७,३३४ आणि बांगलादेशी तुकड्यांत १४,२१५, एकूण ५१,५४९ माणसे. प्रत्येकाला विचारले गेले की तुम्हाला कोणते नागरिकत्व हवे. भारताने क्षेत्रफळात कमी घेतले, तरी संसदेत विरोधात एकही मत पडले नाही. माणसे मोजली की प्रश्न सोडवता येतो, याचा हा पुरावा.

२४ जानेवारी १९७९: पाण्याचा अडसर

मानाच्या लोकांना अडसराचा आणखी एक अनुभव आला, आणि तो देशाच्या आतला. दंडकारण्यात तगून राहणे कठीण झाले तेव्हा १९७८ साली मलकानगिरी, माना आणि इतर छावण्या-वसाहतींतून लाखाच्या वर माणसे पश्चिम बंगालकडे निघाली. त्यातले काही हजार सुंदरबनातल्या मरिचझांपी बेटावर पोचले. त्यांनी तिथे शाळा, दवाखाना, मासळीचा व्यवसाय उभा केला. हे राखीव जंगल आहे, असे सांगत राज्य सरकारने २४ जानेवारी १९७९ पासून १४४ कलम लावून बेटाभोवती पोलिसांच्या लाँचेस उभ्या केल्या. अन्न, पिण्याचे पाणी, औषधे बंद. फेब्रुवारीत कलकत्ता उच्च न्यायालयाने पाणी, अन्न आणि औषधे अडवू नका असा आदेश दिला. तरी मे महिन्याच्या मध्यात बेट बळाने रिकामे करण्यात आले आणि वाचलेल्यांना पुन्हा दंडकारण्यात आणले. किती मेले यावर आजही एकमत नाही, कारण कुणी मोजलेच नाहीत.

तार नव्हती, भिंत नव्हती. तरी तो अडसरच होता. नागरिक आणि अन्न यांच्यामध्ये राज्यसंस्था उभी राहिली होती, आणि न्यायालयाचा आदेश तिला हलवू शकला नाही. बेत सुरीकचे ३० किलोमीटर हलले. मरिचझांपीचा वेढा हलला नाही.

आज माना ही नगर पंचायत आहे. विमानतळ जवळ आहे, नवा रायपूर वाढतो आहे. छावणीत जन्मलेल्यांची नातवंडे छत्तीसगढी आणि हिंदी बोलतात. पण रेषेचे ओझे उतरलेले नाही. या कुटुंबांतले बहुसंख्य नमोशूद्र. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, छत्तीसगड आणि महाराष्ट्रात नाही, कारण याद्या राज्यनिहाय आहेत. सरकारनेच त्यांना एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात आणले आणि त्या प्रवासात त्यांचा हक्क गळाला.

१०,००० रुपये: पंजाबचा दाखला

पंजाबात पाकिस्तान सीमेवरचे कुंपण १९८८ ते १९९३ या काळात उभे राहिले. तिथेही सुमारे २१ हजार एकर शेती कुंपणापलीकडे गेली. उंच वाढणारी पिके घेता येत नाहीत, फाटकाच्या वेळा ठरलेल्या. शेतकरी संघटित होते, ते उच्च न्यायालयात गेले, सतत मागणी करत राहिले. आज या जमिनीसाठी वर्षाला एकरी १०,००० रुपये भरपाईचा दर आहे. रक्कम अपुरी आहे आणि वेळेवर मिळत नाही अशी तक्रार असते. तरी एक तत्त्व मान्य झाले: जमीन संपादित न करताही कुंपणाने नुकसान होते आणि ते भरून देणे ही सरकारची जबाबदारी आहे.

पूर्वेकडे हेच तत्त्व सरसकट लागू झालेले नाही. माझ्या ढोबळ हिशेबातली १ लाख ९ हजार एकर जमीन धरली आणि पंजाबचाच दर लावला तर वर्षाचा खर्च सुमारे ११० कोटी रुपये होतो. देशाच्या सुरक्षेवरच्या खर्चात ही रक्कम अगदी किरकोळ आहे. सीमेवरचा शेतकरी आपले शेत देऊन देशाचे रक्षण करतो. त्याची किंमत त्याने एकट्याने का मोजावी?

हा प्रश्न जुना होणार नाही, उलट वाढणार आहे. म्यानमारच्या १,६४३ किलोमीटर सीमेवर कुंपण घालण्याचा निर्णय केंद्राने २०२४ साली जाहीर केला. मिझोराम आणि नागालँड या दोन्ही विधानसभांनी त्याविरुद्ध ठराव केले, कारण तिथे एकच जमात, काही ठिकाणी एकच गाव, दोन्ही बाजूंना आहे. तिथली कुंपणाची जागा अजून बरीचशी ठरायची आहे. चूक टाळायची वेळ हीच आहे.

काय करायला हवे

कुंपण नको, असे म्हणणारा हा लेख नाही. तस्करी, घुसखोरी आणि दहशतवाद खरे आहेत आणि सीमा राखणाऱ्या जवानाचे काम कठीण आहे. मागणी चार गोष्टींची आहे. नवे कुंपण घालण्याआधी प्रत्येक टप्प्याला बेत सुरीकची तिन्ही प्रश्नांची कसोटी लावावी. पूर्व सीमेवर कुंपणापलीकडच्या जमिनीला पंजाबसारखी वार्षिक भरपाई कायद्याने द्यावी. फाटकांच्या वेळा पिकाच्या हंगामाप्रमाणे ठराव्यात आणि आजारी माणसासाठी ती चोवीस तास उघडण्याची लेखी तरतूद असावी. माना, पखांजूर, मुलचेरा इथल्या निर्वासित कुटुंबांचा जातीचा दर्जा संसदेने एकदाच निकाली काढावा.

या सगळ्याची सुरुवात मोजण्यापासून होते. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना निघाली आहे. कुंपणापलीकडे राहणाऱ्या आणि तिथे शेती करणाऱ्या भारतीयांची त्यात वेगळी नोंद व्हावी. रायपूर, गडचिरोली आणि गोंदियातल्या वाचकांनी ही मागणी आपापल्या खासदारांकडे लेखी करावी, कारण रेषेने घडवलेली माणसे त्यांच्याच मतदारसंघात राहतात.